वाचकांचे प्रश्न : लुत्रोत आठवडाभर

गेल्या अंकात आम्ही ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लुत्रो गावाची छोटी ओळख दिली होती. दक्षिण किनाऱ्यावरचं, पांढऱ्या घरांचं, एका वळणात मावणारं हे गाव. तिथे मोटार जात नाही; बोटीने जायचं नाहीतर डोंगराच्या कडेकडेने चालत. त्यावर बरीच पत्रं आली. पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

आमच्याकडे दहा दिवस आहेत. अथेन्स, सांतोरिनी, मिकोनोस आणि शेवटी लुत्रो, असं बसेल का? (पुणे)

कागदावर बसेल, पण लुत्रोत तुम्ही फक्त झोपायला पोहोचाल. नकाशावर सांतोरिनी आणि क्रीट शेजारी दिसतात. प्रत्यक्षात सांतोरिनीची बोट क्रीटच्या मध्यावरच्या इराक्लिओ बंदराला लागते. तिथून पश्चिमेला हान्या शहर सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे बसने अडीच-तीन तास. मग डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरायचं आणि पुन्हा बोट. एक बेट बदललं की सामान भरणं, खोली सोडणं, बंदरावर थांबणं यात अख्खा दिवस जातो. दहा दिवसांत तीन बेटं म्हणजे तीन दिवस बॅगांचे.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: सांतोरिनी आणि मिकोनोस या खेपेला सोडा. जाण्यायेण्याचे दोन दिवस, हान्यात जाताना एक आणि येताना एक रात्र, उरलेल्या सगळ्या रात्री लुत्रोत. अथेन्स बघायचंच असेल तर परतीच्या टोकाला एक दिवस. सुरुवातीला नको, कारण अ‍ॅक्रोपोलिस चढून थकलेला माणूस पुढचे दोन दिवस झोपतो.

मुंबईहून नेमकं कसं पोहोचायचं? वाटेत कुठे चुकतं? (ठाणे)

मुंबई ते अथेन्स विमान. अथेन्सहून हान्याला दोन रस्ते आहेत. विमानाने पाऊण-एक तास. किंवा पिरेअस बंदरातून रात्री सुटणारी मोठी बोट, जी आठ-नऊ तासांनी पहाटे सूदा बंदरात सोडते. सूदा हान्यापासून सात किलोमीटरवर, आणि बस मिळते. बोटीत झोपायची केबिन घेतली तर एका रात्रीचं हॉटेल वाचतं. नुसतं खुर्चीचं तिकीट घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका, सकाळी मान धरलेली असते.

हान्याच्या मुख्य बसस्थानकावरून दक्षिण किनाऱ्यावरच्या होरा स्फाकिऑन या बंदराची बस घ्यायची. या बससेवेला तिथे ‘क्तेल’ म्हणतात. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, वेळ पावणेदोन ते दोन तास. शेवटचा टप्पा घाटाचा आहे. आंबेनळी किंवा फोंडा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी. होरा स्फाकिऑनच्या धक्क्यावरच तिकिटाची खिडकी आहे; तिथून लुत्रो वीसेक मिनिटं. मोठ्या बोटीत गाड्याही चढतात, पण त्या पुढच्या गावांसाठी. तुम्ही सामान खालच्या डेकवर कडेला ठेवा आणि उतरायच्या पाच मिनिटं आधी खाली या. बोट लुत्रोत फार वेळ थांबत नाही.

चुकतं ते असं. लोक मुंबईचं विमान, हान्याचं विमान, बस आणि बोट, चारही एकाच दिवसात ओवतात. बस दिवसातून मोजक्याच, आणि संध्याकाळनंतर बोट नाही. एक विमान दीड तास उशिरा आलं की पुढची साखळी तुटते. म्हणून पहिली रात्र हान्यात काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरा. हान्याचं जुनं बंदर व्हेनिसच्या राजवटीतलं आहे, त्यामुळे ती संध्याकाळ फुकट जात नाही.

परतताना उलटी खबरदारी घ्या. वारा फार वाढला की बंदर खातं बोटी थांबवतं. त्या बंदीला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात आणि तिच्यापुढे कुणाचंही चालत नाही. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी लुत्रोतून निघण्याचा बेत करू नका. दोन दिवस आधी निघा. बोट बंदच झाली तर होरा स्फाकिऑनपर्यंत दोन-अडीच तासांची पायवाट आहे, पण चाकांची सूटकेस घेऊन ती चालता येत नाही. एकेक पाठपिशवी हेच योग्य सामान.

आणखी एक बारीक गोष्ट. रोमन लिपीत हान्याचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी दिसतं, कारण पहिल्या ग्रीक अक्षराचा उच्चार ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला आहे. वेळापत्रकात नाव सापडलं नाही तर दुसरं स्पेलिंग टाकून पाहा.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत? (नाशिक)

दिवाळीत नको. ऑक्टोबरअखेर खानावळी आणि खोल्या बंद होऊ लागतात, बोटी हिवाळ्याच्या वेळापत्रकावर जातात. नोव्हेंबरात गाव जवळपास रिकामं असतं.

मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा पहिला पंधरवडा छान. हवा उबदार, डोंगरावर हिरवळ, गर्दी बेताची. समुद्र मात्र २० अंशांच्या आसपास असतो. अरबी समुद्राची सवय असलेल्याला पहिली डुबकी अंगावर येते. पाण्यासाठीच जायचं असेल तर सप्टेंबर: पाणी २५ अंशांच्या जवळ आणि उन्हाची धार बोथट. शाळेचं बंधन नसेल त्यांनी बाकी काही पाहूच नये.

१५ ऑगस्टची सुट्टी जोडून जाण्याचा मोह अनेकांना होतो. तोच दिवस ग्रीसमध्ये मेरीमातेच्या सणाचा, आणि वर्षातल्या सर्वांत जास्त गर्दीचा. त्या आठवड्यात खोली महिनोन्‌महिने आधी संपलेली असते.

व्हिसासाठी गावातल्या घरगुती खोलीचं बुकिंग चालतं का? (कोल्हापूर)

चालतं, पण कागद नीट हवा. प्रवाशांची पासपोर्टप्रमाणे पूर्ण नावं, येण्या-जाण्याच्या तारखा, खोलीचा पत्ता, मालकाचा संपर्क आणि पैसे भरल्याचा किंवा आगाऊ रकमेचा उल्लेख, इतकं एका पानावर मागून घ्या. नुसती ‘हो, खोली ठेवतो’ अशी ई-मेल पुरत नाही. प्रत्येक रात्रीचा हिशेब लागला पाहिजे. बोटीतली रात्र असेल तर बोटीचं तिकीट जोडा.

ग्रीसचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या अनेक देशांत मिळून एकच चालणारा. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांचं ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, तेव्हा तीन महिने आधी हालचाल सुरू करा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांसाठीचा हवा. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि त्यात दोन कोरी पानं. सर्वाधिक रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज. इटली चार रात्री आणि ग्रीस सहा असेल, तर ग्रीसकडे.

खोली ठरवताना काय विचारावं? (छत्रपती संभाजीनगर)

चार गोष्टी. खोली कितव्या मजल्यावर आहे, कारण लिफ्ट बहुधा नसते. एसीचे पैसे भाड्यात आहेत का. स्वयंपाकाची शेगडी आहे की फक्त फ्रिज. आणि खाली खानावळ आहे का. असली तर रात्री अकरा-साडेअकरापर्यंत भांड्यांचा आवाज गृहीत धरा. सप्टेंबरात दोघांच्या साध्या खोलीला साधारण ७० ते ११० युरो पडतील. यावर हवामान-संरक्षण कर म्हणून प्रत्येक रात्री खोलीमागे वेगळी रक्कम द्यावी लागते. साध्या खोल्यांना तो दोन युरोंच्या घरात असतो, तारे वाढले की वाढतो. तो खोलीवरच भरायचा असतो, ती फसवणूक नव्हे.

पोहोचल्यावर दोन बाबी समजून घ्या. गरम पाणी गच्चीवरच्या सौर टाकीतून येतं. संध्याकाळी सहाला सगळे समुद्रावरून परततात आणि एकदम अंघोळीला जातात. चौथ्याला गार पाणी. विजेच्या पॅनलवर गिझरचं बटण असेल तर वीसेक मिनिटं चालू करून पुन्हा बंद करा. दुसरी बाब संडासाची: कागद भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. सांडपाण्याचे नळ अरुंद असतात आणि लगेच तुंबतात. जेट स्प्रे मिळणार नाही, मग घरून लहान तांब्या न्या. त्याला पर्याय नाही.

दुपारी तीन ते साडेपाच ही ग्रीसमध्ये उन्हाळ्यातली कायद्याने ठरलेली शांततेची वेळ आहे. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.

आम्ही शाकाहारी. आठवडाभर सॅलडवरच राहायचं का? (सांगली)

मुळीच नाही. क्रीटमध्ये शाकाहारी माणूस उत्तम जेवतो. फक्त काय मागायचं आणि कशापासून सावध राहायचं, ते कळलं पाहिजे.

पहिला शब्द ‘लादेरा’. लादी म्हणजे तेल, आणि लादेरा म्हणजे भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. ‘फासोलाकिया’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेली फरसबी. ‘ब्रियाम’ म्हणजे बटाटा, वांगं, झुकिनी एकत्र भाजलेलं. ‘यिगांदेस’ म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेल. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. क्रीटचा खास ‘दाकोस’: जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, मऊ ताजं चीज, ओरेगानो. पाव आधी थोडा भिजू द्यावा, नाहीतर दातांची परीक्षा. हान्याकडचा ‘बुरेकी’ झुकिनी, बटाटा, चीज आणि पुदिन्याचा असतो. आणि ज्या भागात लुत्रो आहे त्या स्फाकियाची ‘स्फाकियानी पिता’: पातळ पोळीत आंबूस चीज भरलेलं, तव्यावर भाजलेलं, वर मध. पुरणपोळीची आठवण येईल, चव मात्र वेगळी.

आता सापळे. ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचं, असं वाचून खुश होऊ नका. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य, पण माखली, ऑक्टोपस, कोळंबी चालते. ‘गामोपिलाफो’ हा लग्नातला भात दिसायला निरुपद्रवी, पण मांसाच्या रश्शात शिजवलेला. द्राक्षाच्या पानांचे ‘दोल्मादाकिया’ आणि भरलेले टोमॅटो ‘येमिस्ता’ कधी नुसत्या भाताचे, कधी खिम्याचे. दर वेळी विचारा. झुकिनीची भजी मागवली तर ती माशांच्याच तेलात तळली का, हेही विचारा. अतिकडक शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की तिथलं पारंपरिक चीज बहुधा प्राण्याच्या रेनेटनं, म्हणजे पोटातल्या दूध जमवणाऱ्या रसानं, जमवलेलं असतं.

म्हणायचं वाक्य: ‘इमे होर्तोफागोस, होरिस क्रेआस, होरिस प्सारी’. मी शाकाहारी, मांस नको, मासे नकोत. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ‘होरिस क्रेमिदी, होरिस स्कोर्दो’. पण लादेरा सकाळीच कांदा घालून शिजलेले असतात, त्यातून कांदा काढून मिळत नाही. जैन वाचकांनी होर्ता, दाकोस, चीज, फळं आणि सोबत नेलेलं थालिपीठाचं भाजणीपीठ यांवर भिस्त ठेवावी. त्यासाठी शेगडीची खोली घ्या.

वेळही जपा. हे पदार्थ दुपारसाठी शिजतात; रात्री नऊला निम्मे संपलेले असतात. ते कोमटच वाढतात, तीच रीत आहे, परत गरम करायला सांगून चव बिघडवू नका. चौघांनी चार ताटं मागवण्यापेक्षा पाच-सहा बश्या मध्ये ठेवा. माणशी १५ ते २० युरोंत पोट भरतं.

मासे खाणाऱ्यांसाठी काही सूचना? (मालवण)

मोठे मासे किलोच्या भावाने असतात. आत जाऊन मासा निवडा, तो तुमच्यासमोर वजन करायला सांगा आणि आकडा ऐकूनच हो म्हणा. मेन्यूत नावापुढे चांदणी किंवा ‘कात.’ अशी खूण असेल तर माल गोठवलेला आहे. मालवणी जिभेला तिथला मासा अळणी वाटेल: कोळशावर भाजलेला, मीठ, तेल, लिंबू, बस्स. तिखटाची पुडी खिशात ठेवायला हरकत नाही, पण पहिला घास तसाच खाऊन पाहा. टेबलावर न मागता आलेल्या पावाचे पैसे लागतात, जेवणानंतर न मागता आलेल्या ‘राकी’चे नाही. ती दारू जहाल असते. नको असेल तर हसून नाही म्हणा, कुणी रागावत नाही.

पोहता फारसं येत नाही. समुद्र कसा आहे? (अलिबाग)

अलिबागेपेक्षा अगदी वेगळा. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी वीत-दीड वीतभरच, त्यामुळे पाणी दिवसभर जागच्या जागी. खाडीही आडोशाला आहे. धोका दुसरा: किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा, आणि चार-पाच पावलांत पाणी डोक्यावर जाऊ शकतं. कमरेपर्यंत चालत जाऊन उभं राहण्याची कोकणी सवय इथे उपयोगी नाही. जीवरक्षकही गृहीत धरू नका. न पोहणाऱ्याने फुगवायच्या नळ्यांवर विसंबू नये, जमिनीकडून सुटलेला वारा त्या बाहेर ढकलतो. नीट बांधलेलं लाइफजॅकेट घ्या.

पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. खडकांवर काळे काटेरी समुद्री साळू असतात. काटा रुतला तर दाबून मोडू नका. ऑलिव्ह तेल किंवा व्हिनेगरने कातडी मऊ करून चिमट्याने सरळ ओढा. जेलीफिशचा डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतलं की न फुटलेल्या डंखपेशीही फुटतात आणि आग वाढते. चोळू नका, चिकटलेले धागे प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून काढा.

सत्तरीच्या आई-वडिलांना नेणं शहाणपणाचं आहे का? (बोरिवली)

गुडघे ठीक असतील तर हो. वाहनं नाहीत, धक्क्यापासून खोल्या जवळ, संध्याकाळी पाण्याकाठी बसायला भरपूर जागा. तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या. गोट्यांवरून पाण्यात उतरताना हात धरायला कुणीतरी हवं. शिडी असलेला लाकडी फलाट सापडला तर तिथूनच उतरवा. हृदयविकार किंवा तसाच गंभीर त्रास असेल तर मात्र नको. मोठं रुग्णालय हान्याला, आणि रात्री मध्ये समुद्र व घाट. नेहमीची औषधं दुप्पट न्या, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जोडा. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला तर ती हवीच. आपत्कालीन क्रमांक ११२.

पंधरा वर्षांचा मुलगा तिसऱ्या दिवशी कंटाळेल. त्याला काय? (डोंबिवली)

त्याला कयाक भाड्याने द्या आणि चालायला पाठवा, तुमच्यासकट. पूर्वेला ‘ग्लिका नेरा’, म्हणजे गोडं पाणी: तास-सव्वा तासाची वाट. डोंगरावरच्या बर्फाचं मुरलेलं पाणी इथे समुद्रालगत गोट्यांखालून निघतं. हाताने खड्डा केला की पिण्याजोगं गार पाणी जमतं. तिथे काही लोक कपड्यांविना ऊन खात असतात, हे आधी ठाऊक असू द्या. कॅमेरा पिशवीत ठेवा, इतकंच. परत येताना लहान बोट मिळते का, ते निघण्यापूर्वीच विचारा.

पश्चिमेला फिनिकास आणि लिकोस या वस्त्यांवरून मार्मारा किनारा, अरादेना घळीच्या तोंडाशी. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाचं जहाज हिवाळा काढायला ज्या फिनिक्स बंदराकडे निघालं होतं ते हे फिनिकासच, असं मानतात. वादळामुळे ते पोहोचलंच नाही. मुलाला दमवायचंच असेल तर अनोपोलीचा चढ: सुमारे सहाशे मीटर, नागमोडी, सावलीचं झाड नाही. सकाळी सातच्या आत निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. वर दास्कालोयानिसचा पुतळा आहे. १७७० साली तुर्कांविरुद्ध उठाव करणारा हा पुढारी याच गावचा. हान्याच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे.

समारियाची १६ किलोमीटरची घळ सगळी उतरायला पहाटे डोंगरापलीकडे असावं लागतं, ते लुत्रोतून जमत नाही. बोटीने घळीच्या खालच्या तोंडाशी असलेल्या अगिया रुमेलीला जाऊन खालून वर चालत जा. घळ जिथे तीन-चार मीटरपर्यंत आवळते ती जागा पाहून परत फिरायचं. वरून आलेल्यांच्या सोललेल्या पायांकडे पाहून निर्णयाचं समाधान वाटेल.

पैसे रोख न्यावेत की कार्ड? (नागपूर)

दोन्ही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण लुत्रोत एटीएमवर भिस्त ठेवू नका. हान्यातच चारेक दिवसांपुरते युरो काढा. यंत्र ‘रुपयांत आकारू का’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणायचं आणि युरो निवडायचे, नाहीतर दर फार वाईट लागतो. होरा स्फाकिऑनहून बोटीचं भाडं दहा युरोंच्या आत.

ग्रीक अजिबात येत नाही. अडेल का? (बेळगाव)

नाही, इंग्रजीवर भागतं. ‘कालिमेरा’ सकाळी, ‘कालिस्पेरा’ संध्याकाळी, ‘एफहारिस्तो’ म्हणजे आभार. एकाच शब्दाने आपली पंचाईत होते: ‘ने’. तो ऐकायला आपल्या नकारासारखा, अर्थ मात्र ‘हो’. नाहीला ‘ओही’. कधी तोही म्हणत नाहीत, नुसती हनुवटी वर करून जिभेने ‘च्यक्’ करतात. तो नकार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. खोली आहे का विचारल्यावर मालकीणबाई ‘ने, ने’ म्हणाल्या, तर बॅग उचलून परत फिरू नका.